सगळ्यात कमी बिल

प्रिय धाकट्या,

'प्रिय' हे सवयीने लिहिलंय. दोनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं, एवढं समज. फोन केला असता तर मी ओरडले असते, आणि मी ओरडायला लागले की तू "ताई, तू आधी शांत हो" म्हणतोस. मग मूळ गोष्ट राहते बाजूला. म्हणून पत्र लिहायला बसले.

आईच्या घरचं विजेचं आणि पाण्याचं बिल तू भरतोस, हे मान्य. मागे आलास तेव्हा गळके नळ बदललेस, जुने दिवे काढून नवे लावलेस, शॉवर बंद करून बादली ठेवलीस, धुण्याचं पाणी फरशी पुसायला वापरायला लावलंस. चांगलंच केलंस, मीही माझ्या घरी तेच करते. दिवसभर कारखान्यात शिलाई मशीनवर बसणाऱ्या माझ्यासारख्या बाईला बचतीचं मोल कुणी शिकवायला नको. बिल निम्म्यावर आलं आणि तू मुद्दाम फोन करून "शाब्बास आई" म्हणालास. ते तिने आठवडाभर सगळ्यांना सांगितलं, अगदी दूधवाल्यालासुद्धा.

मग तुमची रीतच पडली. ज्या दिवशी बिल तुझ्या मोबाइलवर येणार, त्या दिवशी तुझा फोन येणार. एरवी साहेब कामात. बिल कमी आलं की अर्धा तास गप्पा, हसणं, लहानपणच्या आठवणी. गेल्या उन्हाळ्यात माझी मुलं तिच्याकडे राहायला गेली, पंखे चालले, बिल वाढलं. तेव्हा "काय झालं गं एवढं?" विचारून तू दोन मिनिटांत फोन ठेवलास. तू घाईत असशील, हे मला कळतं. तिला वाटलं, तू रागावलास. त्यानंतर तिने मुलांना राहायला बोलावलंच नाही. वर पुढे बिल पुन्हा उतरल्यावर तू शेजारच्या घरांशी तुलना केलेला तक्ता पाठवलास, 'आपण पहिले!' असं लिहून. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. इथे तर शेळीही एकच, आणि ती आपली आई.

पुढे ती सुटलीच. संध्याकाळी अंधारात बसायची. उकाड्यात पंखा बंद, आंघोळ दिवसाआड आणि तीही अर्ध्या बादलीत. विचारलं तर म्हणायची, मला गरम होतच नाही. अति तिथे माती, असं मी बोलले, भांडले, दोन रविवार अबोला धरला. तेव्हापासून मी गेले की घरात दिवे, पंखे सगळं सुरू असायचं आणि मी निवांत घरी परतायचे. फ्रिजसुद्धा ती माझ्यासाठीच लावायची, मी यायच्या आदल्या संध्याकाळी. हो, फ्रिज. बाकीचे दिवस तो बंद. एकटीला कशाला हवा, दूध दोनदा तापवलं की टिकतं, हा तिचा हिशेब. दाराच्या कप्प्यात आपलं इन्सुलिन आहे, हे त्या हिशेबात आलंच नाही.

उकाड्याने औषधाचा जोर गेला. ती रोज नेमाने सुई टोचत राहिली आणि साखर चढत राहिली. शेजारणीला ती स्वयंपाकघरात पडलेली सापडली. औषध कुठे ठेवता, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा आईने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सलाइन लावलेल्या बाईवर ओरडता येईना, म्हणून तो राग आता तुझ्या वाट्याला. तुला कळवायचं नाही, अशी तिने मला शपथ घातली होती. ती मी आज मोडतेय, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

काल तिला घरी आणलं. मी फ्रिज लावला, तर माझी पाठ वळताच तिचा हात बटणाकडे गेला. आता तरी पुरे कर, असं म्हटलं. तर अंथरुणावर उठून बसली आणि खुशीत म्हणाली, "अगं, घर इतके दिवस बंद होतं. या खेपेला बिल सगळ्यात कमी येईल. त्याचा फोन येतो की नाही बघ." बिल पुढच्या आठवड्यात येईल, धाकट्या. आकडा बघून तू खूश होशील आणि शाब्बासकी द्यायला फोन लावशील. तो फोन तू लावू नयेस, म्हणून हे पत्र कुरियरने पाठवतेय. त्याआधी लाव. हे वाचून झालं की लगेच लाव. कशासाठी केलास, असं ती घाबरून विचारेल. तिला सांग, कशासाठीच नाही.

तुझीच, आणि अजून राग न गेलेली,
ताई