कलेजी

रविवार, संध्याकाळ

आज मला पाहताच खाटकानं नेहमीसारखी कलेजी बाजूला काढली. मी म्हणलं, "राहू द्या भाऊ, सून माळकरी आलीय."

नवी नवरी होते तेव्हा सासूबाई माळकरी. त्या गेल्या, मंग कुठं मी स्वतः पिशवी घेऊन मटणाला जायला लागले. आता पुन्हा तेच. आणि पोरगी इतकी गुणाची! म्हणती, "आई, तुम्ही आणा की, मी त्या दिवशी चटणी-भाकर खाईन." कसं आणू? भांडली असती तर बिनधास्त आणलं असतं.

ती कलेजी मागच्या बाईनं नेली. मी बघत राह्यले.

रिकामी पिशवी पाहून सून म्हणाली, "माझ्यामुळं तर न्हाई ना सोडलं?"

म्हणलं, दात दुखतात.

तिनं लगेच मऊ खिचडी टाकली. कलेजीला कुठं दात लागतात, हे तिला काय माहीत!