घेतलं की जावं लागतं

खांदा कॉलनी, पनवेल
दि. २६ डिसेंबर २०२४

ती. रंभाताईस,
कमलाकरचा सा. न. वि. वि.

परवा सकाळी मी वर्गातल्या कपाटामागे उभा राहून खळीनं तोंडाला कापूस चिकटवत होतो. तू हसणार, म्हणून आधीच सांगून टाकतो. शाळेत नाताळाचा उपक्रम होता. पहिलीचा वर्ग माझा, म्हणून नाताळबाबाही मीच. लाल झगा प्रमिलानं जुन्या पडद्याचा शिवून दिला. पोटावर उशी बांधू का विचारलं, तर आरशासमोर उभं करून म्हणाली की देवानं ती आधीच बांधून पाठवलीय.

आठवडाभर वर्गात आनंद होता. उरणहून सुरूची फांदी आणून कुंडीत रोवली. कागदाचे तारे कापून मोजायचे, दहा झाले की दोरीत ओवायचे, असं गणित घेतलं. तारा, घंटा, नाताळ हे शब्द मुलांनी पाटीवर गिरवले. येशूच्या जन्माची गोष्ट सांगितली. मला ती मनापासून आवडते. देवाला जन्माला यायला घर मिळत नाही, हे ऐकलं की आपला तुरुंगात जन्मलेला कृष्णच आठवतो. जनी म्हणून एक मुलगी आहे माझ्या वर्गात. तिनं विचारलं की मग ती बाई पोटुशी असून कोणत्या भट्टीवर चालली होती.

जनी पळस्प्याच्या पुढच्या कातकरवाडीतली. तिथली बरीच घरं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परत येतात. यंदा जनीचा बाप जैतू उलव्याला बांधकामावर लागला होता, म्हणून ही पोर राहिली. नुकतंच वाचायला यायला लागलं होतं तिला. ‘तारा’ हा शब्द वाचला आणि दिवसभर दिसेल त्याला धरून वाचून दाखवला. पाणी भरायला आलेल्या बाईलासुद्धा.

तर मी पाठीवर पोतं टाकून, मोठ्यानं हसत वर्गात शिरलो. गावातली पोरं माझ्याकडे धावत आली. वाडीतली मात्र सगळी उठून भिंतीला चिकटली. मला वाटलं, दाढीला भ्याली. मी जनीपुढे राजगिऱ्याचा लाडू आणि रंगीत खडूंची पेटी धरली. तिनं हात मागे घेतले. म्हणाली की आमी नाय घेणार, घेतलं का जावा लागतं.

मला उलगडायला वेळ लागला, ताई. भट्टीचा मुकादम वाडीत येतो, तो असाच येतो. मोठ्यानं हसत, पिशवी भरून. आधी पोरांच्या हातावर शेव-बुंदी ठेवतो, मग मोठ्यांशी बोलतो. पोरांनी खाल्लं की घरातलं कुणी नाही म्हणत नाही. थोड्या दिवसांत ट्रक येतो. या लेकरांनी जगात हा एकच खाऊवाला पाहिलेला.

मी दाढी खाली ओढली. म्हटलं, अगं, मी गुरुजी आहे, मी दिलेलं घेतलं तर कुठंही जावं लागत नाही. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि घेतलं. तिनं घेतलं म्हणून बाकीच्यांनी घेतलं.

काल नाताळाची सुट्टी. आज जनी आली नाही. मधल्या सुट्टीत वाडीवर गेलो तर झोपडीच्या दाराला काटकी लावलेली. तिची आजी साळू बाहेर बसली होती. म्हणाली की उलव्याचा काम सुटला, काल संध्याकाळीच गाडी आली, जैतू पोराबाळांना घेऊन गेला. गाडीत चढताना जनी पुन्हा पुन्हा म्हणत होती की गुरजींचा खाऊ घेतला म्हणून.

आमच्या मुख्याध्यापिका सुनीताबाई समजावतात की सर, एवढं मनाला लावून नका घेऊ, हे दरवर्षीचंच आहे, आणि फोटो काय क्यूट आलेत, ग्रुपवर टाकलेत. त्या फोटोत मी हात पुढे केलेत आणि मुलं भिंतीशी उभी आहेत. खाली कितीतरी जणांनी हात जोडलेत.

तुझ्या कानांचं कसं आहे? फोनवर तुला ऐकू येत नाही, हे आज बरंच वाटतंय. हे मला तोंडानं सांगता आलं नसतं.
मायेत अंतर पडू देऊ नकोस.
तुझा,
कमलाकर

रोहा
दि. १ जानेवारी २०२५

चि. कमळूस,
रंभाताईचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. कानातलं यंत्र शिट्टी मारतं म्हणून काढून डब्यात ठेवलंय. त्यामुळे घरात काय चाललंय ते कळत नाही आणि मी फार सुखात आहे. सूनबाई म्हणते की आई हल्ली किती शांत झाल्यात!

तुझा झगा वाचून हसले, पुढचं दोनदा वाचलं. अरे, पण गाडी तुझ्या लाडवानं आली का? काम सुटलं म्हणून आली. एवढं कळतं ना तुला? मग त्या पोरीला कळायला नको? तिला जाऊन सांगणार कोण, तुमच्या ग्रुपवरची माणसं?

मला विचारशील तर सरळ जा आणि घेऊन ये तिला. तुमच्या दोन खोल्यांत तुम्ही दोघंच. तुझा शैलेश पुण्याला गेल्यापासून प्रमिला कुणाला वाढू म्हणून ताट घेऊन फिरते. पोर राहील मे महिन्यापर्यंत, शिकेल. तिचे आईबाप काय नको म्हणणार आहेत? तू मात्र आता देवापुढे बसशील, डोळे मिटशील आणि त्यालाच विचारत राहशील. तो काही भट्टीवर जायचा नाही. एसटी आहे, तू जा.

प्रमिलाला जवळ घेतलंय म्हणून सांग. काय झालं ते कळव.
तुझी,
ताई

खांदा कॉलनी, पनवेल
दि. ८ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून लाज वाटली, कारण तू लिहिलंस तेच करत होतो. रोज पूजा झाली की उठायचं ठरवतो आणि शाळेची वेळ होते. गेल्या रविवारी जायचं ठरवलं, पण जैतूकडे फोन नाही. भट्टी कर्जतच्या अलीकडे नदीकाठी आहे, एवढंच साळूला माहीत. दुसऱ्या एका भट्टीवाल्याला विचारलं तर म्हणाला की मास्तर, एवढी ओढ आहे तर विटा पाडायला या, माणसं कमीच आहेत. मी हसून घरी आलो. हसायला काय झालं होतं, कोण जाणे.

प्रमिलाला तुझं म्हणणं एकदम पटलं. तिनं शैलेशच्या खाटेवर धुतलेली चादर घातलीय. विचारते की पोरीला मासे चालतात ना. मी हो म्हणतो आणि विषय बदलतो.

सोमवारी साळू शाळेत आली होती. वर्गाच्या दाराशी उभी राहिली, आत येईना. पदरातून खडूंची पेटी काढली. म्हणाली की गुरजी, ह्ये परत घ्या. पोरीनं बजावून ठेवलंय, माजे खडू गुरजींना दे, मंग मी परत येतंव. एकही खडू वापरलेला नव्हता. लाडू मात्र धाकट्या गणूनं खाल्ला, त्याला काय कळतंय, तेवढी माफी असावी, असंही ती म्हणाली.

मी पेटी घेतली, ताई. साळूला समजावावं, असं पुष्कळ वाटलं. पण खडू परत केल्यानं पोर येत नाही, असं सांगितलं तर तिच्या हातात उरतं काय? आणि नाही सांगितलं तर ती रोज रस्त्याकडे बघणार. मी पेटी कपाटात ठेवून दिली. ती समाधानानं गेली. तेच मला सहन होत नाही.

तू वडीलधारी आहेस. मी जाऊन पोर मागणं योग्य का, ते सांग. तू म्हणशील तसं करीन.
आशीर्वादाची वाट बघतो.
तुझा,
कमलाकर

रोहा
दि. १४ जानेवारी २०२५, संक्रांत

चि. कमळूस,
आशीर्वाद.

तू म्हणशील तसं करीन, हे वाक्य तू शाळेत होतास तेव्हापासून ऐकतेय. पन्नाशी आली. आता माझ्या पदराआडून बाहेर ये.

मागच्या पत्रात मी फटकन लिहिलं की पोर घेऊन ये. नंतर शेजारच्या कादंबरीशी बोलले. तिची आई पूर्वी भट्टीवर जायची. ती मोठ्यानं ओरडून, पाटीवर लिहून मला सांगत होती की तिथं सहा-सात वर्षांची पोरगी म्हणजे घरातली दुसरी बाई असते. आई विटा पाडते तेव्हा तान्ह्याला तीच सांभाळते. हे मला ठाऊक नव्हतं. तुलाही नसेल. पाहिल्याशिवाय कळायचं नाही.

तर कमळू, एवढं मनाशी ठरव. ती पोर तुला तिच्यासाठी हवीय, की तुझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून? मग जा. पण जा.

तिळगूळ वेगळा पाठवलाय. प्रमिलाला आधी दे, तू उरलेला खा.
तुझी,
ताई

खांदा कॉलनी, पनवेल
दि. २८ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तिळगूळ पोचला. प्रमिलानं मला उरू दिला नाही.

गुरुवारी रजा टाकली आणि गेलो. तीन भट्ट्या पालथ्या घातल्यावर जैतू सापडला. त्यानं हात पुसले, बसायला एक वीट पुढे केली आणि थट्टेनं म्हणाला की गुरजी, तुमचीपन बदली हितं झाली काय. जनीची आई विटांच्या मातीचा गारा तुडवत होती. जनी कडेवर गणूला घेऊन उभी होती. पोर तिच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होतं. कादंबरी खरं बोलली, ताई.

तरी मी मागितलं. प्रमिलाची चादर डोळ्यांपुढे होती. आई रागावली नाही. म्हणाली की न्या ना, पन गनूलाबी न्या, मला दोनच हात हायत. आणि रातचा पाजायला मलाबी न्या. मग सगळेच हसले. मीही हसलो.

जनी हसली नाही. मी तिला जवळ बोलावलं, ती आईमागे गेली. मी सांगितलं की बाळ, त्या लाडवानं काही झालेलं नाही, गाडी तशीही येणार होती, तो दाढीवाला मीच होतो ना? ती म्हणाली की तुमीच होतांव, म्हनून तर घेतला.

दुसरा कुणी असता तर तिनं घेतलंच नसतं. आता मी कितीही गोड बोललो तरी ती माझ्याबरोबर येणार नाही, आणि एका अर्थी तिचं बरोबरच आहे. भट्टीवरून निघालो आणि बराच वेळ बांधावर बसून राहिलो. नामस्मरण करायला गेलो, तेही जमेना. मग उठलो.

भट्टीपासून पाऊण मैलावर गावची शाळा आहे. तिथं दिपा नावाच्या तरुण बाई पहिलीला आहेत. त्यांना सगळं सांगितलं. पोर धाकट्याला घेऊन वर्गात बसली तर चालेल का, विचारलं. त्या म्हणाल्या की सर, आमच्याकडे बसतात अशी, बाळ रडलं तर मी घेते. लगेच येते म्हणाल्या आणि टेबलाच्या खणातून बिस्किटांचा पुडा काढला. मी त्यांचा हात धरला, ताई. परक्या बाईचा हात आयुष्यात पहिल्यांदा धरला. म्हटलं, काही नेऊ नका. रिकाम्या हातानं या, आणि हसूही नका फार.

त्या तशाच आल्या. मी विटांच्या थप्पीमागे थांबलो, जनीला दिसू नये म्हणून. बाई विचारत होत्या की तुला काय वाचता येतं. मग बाईंनी मातीत काठीनं काहीतरी लिहिलं. जनीनं गणूला दुसऱ्या कडेवर घेतलं, खाली वाकली आणि मोठ्यानं वाचलं. शब्द मला ऐकू आला नाही, वारा होता. आईनं मान हलवली, जैतूनंही हलवली. जनी बाईंच्या मागून गेली, पण बरंच अंतर ठेवून. मला बघायला मिळाली ती फक्त पाठ.

ती रोज जाईल का, मला ठाऊक नाही. चिखल ओला असेल त्या दिवशी हाताखाली हवी म्हणून आई सोडणार नाही. साळू अजून रस्त्याकडे बघते. या कशालाच माझा हात पोचत नाही.

प्रमिलाला अजून नीटसं सांगितलेलं नाही. तू तिला दोन ओळी लिही, तुझं ती ऐकते. आणि यंत्र कानात घालत जा, अडीअडचणीला कुणी हाक मारली तर कळायला हवं. माझ्यावरचा राग आणि जीव दोन्ही असू दे.

सुनीताबाई म्हणत होत्या की नाव राहू द्या ना आपल्याकडेच, पावसात येईलच परत, पटसंख्या तरी दिसेल. महिनाभर मीही रोज तिचं नाव पुकारत होतो. वाडीतली पोरं ओरडायची, नाय आली! आज मी माझ्या वर्गातून जनीचं नाव कमी केलं आणि तिचा दाखला दिपाबाईंच्या शाळेला पाठवून दिला.

तुझा,
कमलाकर