दुसऱ्या दांड्यावर कोण?

प्रिय (पत्राचा नियम म्हणून) वेद,

रविवारी तुझा व्हिडिओ कॉल "नमस्कार, मी स्कॉटलंडमधून" इथवर आला आणि तुटला. त्यानंतर शारजाला, रोल्लातल्या सतीशकाकांच्या घरी काय झालं ते तुला एव्हाना बऱ्याच जणांनी सांगितलं असेल. माझ्या आईची हकीकत ऐकून तर मी तिथे होते की नाही अशी मलाच शंका आली. म्हणून क्रमाने लिहिते. तुझ्या प्रश्नाचं उत्तर शेवटी आहे, आधी पान उलटू नकोस. फॉलकर्कचं कालव्याकाठचं घर ठेवायचं की सोडून दुबईला परत यायचं, हे तुला महिनाअखेर घरमालकाला कळवायचं आहे, आणि मी तिकडे येते की नाही यावर ते ठरणार आहे. हे माझ्या लक्षात आहे. फोनवर मी नुसतं "बघते" म्हणाले, कारण मी खरंच बघत होते.

काकांच्या पाच दिवसांच्या गणपतीत विसर्जनाआधी एक ज्ञानवर्धक कार्यक्रम असतो. गेल्या वर्षी कोलेस्टेरॉल होतं, यंदा तू आणि तुझं कालव्यावरचं काम. इतकी वर्षं अमिरातीत काढून इथे निर्बंध असलेला इंटरनेटवरचा कॉल धड चालेल असं काकांना का वाटलं हे मला कळत नाही. ते "इन्शाल्ला लागेल" म्हणत फोन खिडकीबाहेर धरून उभे होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मिहिका आहे ना. यल्ला, कर सुरू!" मी फक्त मॉडेल घेऊन आले होते. तू सांगितलंस तसं, बोटी चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या कालव्याच्या लॉकचं, ॲक्रिलिकचं, दोन पातळ्यांचं, मध्ये पाण्याची खोली आणि दोन्ही टोकांना दरवाजे. अल ऐनहून गाडीत मागच्या सीटवर पट्टा लावून आणलं होतं. भाषण करायचं ठरलेलं नव्हतं.

तू आधी पाठवलेल्या स्लाइड्स मी वाचून दाखवल्या. युनियन कालवा १८२२ साली सुरू झाला, इथपर्यंत दोघांनी जांभया दिल्या. पण फॉलकर्कच्या जमीनदाराला आपल्या बंगल्यातून बोटी दिसायला नको होत्या, म्हणून डोंगर पोखरून बोगदा काढावा लागला, हे सांगितल्यावर सोफ्यावरून काका म्हणाले, "म्हणजे एनओसी दिली नाही." त्यानंतर प्रत्येकाने आपापल्या बिल्डिंगची एनओसी कशी अडली ते सांगितलं आणि मी बाजूला उभी राहिले. मग बोगद्याजवळच्या पुलावर कोरलेले ते दोन चेहरे दाखवले. सोपं काम मिळालेल्या कंत्राटदाराच्या बाजूचा हसरा आणि बोगद्याच्या बाजूचा रडका, असं तिथले लोक सांगतात तेही सांगितलं. रडका चेहरा विजेचं बिल आल्यावरच्या सतीशभाऊंसारखा दिसतो, असं आई म्हणाली. ते खरं आहे. स्लाइडवर दिसलेल्या तुझ्या बोटीची किंमत कुणीतरी पौंडांतून दिरहॅममध्ये, दिरहॅममधून रुपयांत नेली आणि तेवढ्यात नाशिकला काय आलं असतं ते सांगितलं.

शेवटी नौशीनने, म्हणजे काकांच्या शेजारणीने, शांतपणे हिंदीत विचारलं की आता त्यातून मालवाहतूक होत नसेल तर त्याचा उपयोग काय. फेब्रुवारीत भिजत तुझ्या लॉकवर उभी असताना मी तुला हेच विचारलं होतं. तेव्हा तू उत्तर दिलं नाहीस, कारण तू दरवाज्यावरून पलीकडच्या काठावर पळत होतास. आता मी तिला म्हणाले, "अल ऐनमध्ये खजुरांखालचे जुने पाट बघायला आपण जातोच ना? कुणी राखले म्हणून ते पाट राहिले. नाहीतर गटारं झाली असती." हे तुझ्या स्लाइडमध्ये नव्हतं. आईने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

इथवर सगळं ठीक होतं. मग आरती झाली आणि कृष्णाबाई, काकांच्या सासूबाई, चिपळूणहून व्हिजिटवर आलेल्या, मूर्ती घेऊन थेट माझ्या मॉडेलपाशी आल्या. दर वर्षी बाल्कनीत बादलीत विसर्जन होतं. त्यांना वाटलं, यंदा जावयाने दारं असलेली बादली केली. मी समजावून सांगितलं की हे प्रात्यक्षिक आहे. त्या म्हणाल्या, मग करून दाखव.

वीतभर शाडूची मूर्ती माझ्या बोटीत, म्हणजे खजुराच्या डब्याच्या झाकणात, तरंगली नसती. काकूंनी पातेलं दिलं. ते कलंडू नये म्हणून मी तळाशी दोन वाट्या तांदूळ घातले. कृष्णाबाईंना ते शास्त्र वाटलं, मला ते वजन हवं होतं. मी वरच्या दरवाज्यावर होते. खालच्या दरवाज्याला माणूस हवा होता, तिथे आई बसली. पातेलं मधल्या खोलीत आलं, वरचा दरवाजा बंद केला, झडप उघडून खोलीतलं पाणी खाली सोडलं, आणि बाप्पा सावकाश उतरायला लागले. आई लगेच दरवाजा ओढायला लागली. तो हलेना. काका मदतीला आले. मी म्हणाले, "जोर लावू नका. दोन्हीकडचं पाणी एका पातळीला आलं की बोटाने उघडेल."

सगळे वाकून पाण्याची पातळी बघत राहिले. मग आईने एक बोट लावलं आणि दरवाजा उघडला. पातेलं बाहेर आलं, कृष्णाबाईंनी मूर्ती हळूच पाण्यात सोडली, आणि "मोरया" एवढ्या मोठ्याने झालं की वरच्या मजल्यावरून कुणीतरी पाय आपटले. यंदा बाप्पा लिफ्टने गेले, असं कृष्णाबाई फोनवर चिपळूणला सांगत होत्या. मॉडेलची झडप शाडूने बुजली आहे आणि ती निघणार नाही.

परत येताना गाडी चालवत मी तुझ्या फेब्रुवारीच्या लॉकचा विचार केला. प्रत्येक टोकाला दोन कवाडं, एकेका काठावर ती ढकलायचा एकेक दांडा, आणि तुझ्या जोडीला असणाऱ्या मॅकसाहेबांचे गुडघे गेल्यापासून तू एकटा, एक दांडा ढकलून दुसरीकडे पळणारा. तेव्हा मी तुला म्हणाले होते की ही पद्धत चुकीची आहे. ती चुकीचीच आहे. ते काम दोघांचं आहे. आज सकाळी माझ्या मॅनेजर सुमैय्याला मी नोकरी सोडायची नोटीस दिली. घर सोडू नकोस. दुसरा दांडा मी ढकलेन, फक्त पाणी सारखं व्हायच्या आधी तू मला घाई करायची नाहीस. आईला सांगितलं आहे, त्यामुळे शारजाला कळलं आहे. तुला सगळ्यांत शेवटी कळतंय याबद्दल काही करता येणार नाही, पत्राला वेळ लागतो.

तुझीच (हा शब्द नियम म्हणून नाही),
मिहिका