पासबुकात न येणारे पैसे

३ जुलै
नात स्नेहल बँकेत कंत्राटावर लागलीय. लोकांना डिजिटल रुपया घ्यायला लावायचं, हे तिचं काम. पहिला बकरा मी. माझ्याच पेन्शनीतले पाचशे माझ्याच फोनात घातले.
"आजी, ही सरकारी नोटच हाय, फक्त फोनातली."
मग बँकेत होती ती कोणती? तिचा बाप, माझा प्रकाश, म्हणतो, "आई, पोरीची नोकरी पक्की व्हायचीय. गप वापर."

५ जुलै
शहागंजच्या बाजारात मिरची घेतली. स्कॅनर तोच, पैसे पोचले बी. दुकानदार म्हणतो, "अम्मा, पहले भी तो ऐसेच देते थे. नया क्या हुआ?" मला काय माहीत! गुडघे दुखवून घरी आले.

११ जुलै
शेजारच्या दोघींनी बँकेच्या बक्षिसाचे पैसे मिळेस्तोवर ते ॲप ठेवलं, मग फोनातून काढून टाकलं. स्नेहल तोंड पाडून बसली. म्हणलं, बाई, फायदा काय ते सांग लोकांना. तिनं बँकेचा कागद वाचला. अर्ध्यातच मला डुलकी.

१ ऑगस्ट
पासबुक भरून आणलं. प्रकाश दर महिन्याला चष्मा लावून ओळ न् ओळ विचारतो. गेल्या दिवाळीत मंगलला धाडलेले पैसे सापडले तर दोन दिवस जेवला नाय. सख्खी धाकटी बहीण त्याची. आपल्या मर्जीनं लग्न केलं म्हणून घरात नाव काढायचं नाय तिचं.
या वेळी खर्चाची एकच ओळ. डिजिटल रुपया, पाचशे. "शाबास आई," म्हणला. मिरची कुठंच नाय!
स्नेहलला धरलं. "आजी, पुढचा खर्च पासबुकात येत नाय. नोटेसारखंच."
अगं भवाने! महिनाभर डोकं खाल्लं अन् हेच नाय सांगितलं?
"कागदावर नव्हतं."

४ ऑगस्ट
फोनात दोन हजार भरले. गच्चीवरून मंगलला फोन. शेंद्र्याला कंपनीच्या गेटासमोर तिची नाष्ट्याची गाडी. वरचा पत्रा वाऱ्यानं गेलाय, ताडपत्रीवर भागवतीय. म्हणलं, तुझ्या स्कॅनरचा फोटो धाड, कुणाला कळायचं नाय.
"चोरून देणार असशील तर नको, आई. दादासमोर दे."
ठेवला तिनं फोन. माझ्यावरच गेलीय, दुसरं काय.

८ ऑगस्ट
पैसे ना बँकेत, ना मंगलकडं. स्नेहल विचारती, "आजी, वापरत का नाय?" तुझ्या कागदावर हे बी नाय, बाई. एवढी अक्कल लावून पैसे लपवायला शिकले, अन् घेणारीच नको म्हणती.

१० ऑगस्ट
जेवताना प्रकाशचं बी तेच. "आई, भरलेत तर वापर की."
म्हणलं, "वापरते. उद्या शेंद्र्याला जाते, मंगलकडं. पत्र्याला द्यायचेत."
सून वाढायची थांबली. प्रकाशची मान ताटातून वर नाय. तिसरी भाकरी मात्र मागून घेतली. रोज दोनच खातो.
फोन चार्जिंगला लावलाय.