कोरड्या हाडांचे सूर

अहमदनगर,
१२ मार्च १९४५

प्रिय आईस सलाम.

माझा खोकला गेला. तुझे गुडघे कसे आहेत?

बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या दृष्टान्तातल्या कोरड्या हाडांवर मी रचलेलं संगीत काल देवळात ऑर्गनवर वाजवलं. हाडांत श्वास येऊन मेलेले उठतात, तो शेवटचा भाग वाजवला नाही. भाता मारणं थांबवलं आणि हवा संपेपर्यंत एकच सूर धरून ठेवला.

पाळकसाहेब म्हणाले, "बाई, मढी उठवायची राहिली की!"

"राहिली," मी म्हटलं.

रूबेनदादा ब्रह्मदेशात लढाईत बेपत्ता झाल्याच्या तारेला पाच महिने झाले. पाळकसाहेब स्मरणसभा घेऊ म्हणतात. तू नको म्हणतेस, तोवर मीही नकोच म्हणेन. पण श्वासाचा भाग लिही, असा आग्रह आता धरू नकोस. तीनदा बसले, कागद कोराच आहे.

तुझी लेक,
एस्तेर