टेपचं दुसरं टोक

प्रिय जिराफ,

हे नाव वाचून आठ्या घालणार असशील तर घाल. कॉलेजात ते तुला मीच दिलं होतं, परत घ्यायचा हक्कही माझाच, आणि तो मी वापरणार नाहीये. फोन केला की काकू उचलतात आणि भरदुपारीही "झोपलीय गं ती" म्हणतात. त्यांना खोटं बोलायला लावायचा कंटाळा आला, म्हणून लिहायला बसले. अक्षर वेडंवाकडं आहे.

आधी इथली खबरबात. ज्या बांधकाम व्यवस्थापनाच्या कोर्सला आपण दोघींनी मिळून जायचं ठरवलं होतं, त्याच्या शेवटच्या सत्रात आहे मी. कंत्राटं, अंदाजपत्रकं, माणसांचं नियोजन. इमारती इथे संगणकावर रंगीत पट्ट्यांनी उभ्या राहतात. एक पट्टी सरकली की पुढच्या सगळ्या सरकतात आणि सर विचारतात, उशीर कोणामुळे झाला? ज्यांनी साइटवरची धूळ खाल्लेली नाही ते पटापट उत्तरं देतात. मी अडखळते. तिकडे बाबांनी नातेवाइकांत जाहीर करून टाकलंय की पोरगी मोठ्या कंपनीत मॅनेजर होणार. बाजारात तुरी, तशातली गत. आणि एक गोष्ट मी इथे कुणाला सांगितलेली नाही: प्लायवूडवर मी अजून सरळ पाय टाकत नाही. सभागृहातल्या स्टेजवर चढतानासुद्धा आधी चवड्याने दाबून बघते. मुलींना वाटतं, नखरे.

मागच्या आठवड्यात सुरक्षिततेच्या तासाला एक पाहुणे आले. पदवीनंतर आपण जिथे शिकाऊ म्हणून लागलो होतो, त्याच कंपनीचे सुरक्षा अधिकारी. आपल्या वेळी ते नव्हते. त्याच कंपनीच्या मुलाखती आमच्याकडे व्हायच्या आहेत, त्यामुळे सगळे कडक इस्त्रीत. माझंही नाव यादीत. ते अपघातांचे नमुने दाखवत होते आणि बोलता बोलता पडद्यावर एक फोटो आला. अर्धवट मजला, पाइपांसाठी ठेवलेलं चौकोनी भोक, बाजूला पडलेलं त्याचं प्लायवूडचं झाकण. नाव नव्हतं, गाव नव्हतं. पण खांबावर तू खडूने काढलेला बाण होता. खाली लिहिलं होतं: माप घेताना मागे न बघता चालल्याने शिकाऊ इंजिनिअर खालच्या मजल्यावर कोसळली. कारण, निष्काळजीपणा.

माझ्या मागचा एक जण हळूच म्हणाला, "पाठीला डोळे नाहीत तर उलटं चालायचं कशाला?" दोघंतिघं हसले. त्यांच्यावर राग नाही गं, त्यांना काय माहीत. माझे कान मात्र बधिर झाले. मला फक्त मापाची टेप आठवत होती. एक टोक तुझ्या हातात, एक माझ्या. तू मागे सरकत आकडे सांगत होतीस, मी लिहीत होते, आणि मग टेप सैल पडली. बाकी कसला आवाज झाला असेल तर तो मला आठवत नाही.

मी उभी राहिले. म्हटलं, "सर, ते झाकण ठोकलेलं नव्हतं." त्यांनी विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?" म्हटलं, "टेपचं दुसरं टोक माझ्या हातात होतं." आणि मग थांबताच येईना. सांगितलं, की पाइपवाल्यांनी झाकण काढलं आणि खिळे न मारता तसंच ठेवलं. सकाळी ते तुझ्याच लक्षात आलं, तू सुपरवायझरना जाऊन सांगितलंस. "ठोकून घेतलंय, आता मापं घ्या," असं म्हणून दुपारी त्यांनीच आपल्याला वर पाठवलं. हे मी तेव्हाच्या चौकशीतही सांगितलं होतं. लिहून घेणाऱ्याचं पेन नेमकं तेवढ्यापुरतं थांबलं होतं.

तास संपल्यावर पाहुणे माझ्याजवळ आले, "तुम्ही आमच्याकडे मुलाखतीला आहात ना?" एवढंच बोलले आणि गेले. ते वाक्य मी दहा प्रकारे म्हणून पाहिलंय. कधी ते धमकी वाटतं, कधी नुसती चौकशी. मैत्रिणी म्हणतात, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलास. पण खरी धास्ती त्याची नाही. तुझी गोष्ट मी तुला न विचारता वर्गभर उघडी केली. तू ती मिटवून ठेवली असशील तर?

काल विभागप्रमुख बाईंनी बोलावलं. माफीची दोन वाक्यं तोंडात तयार ठेवून गेले, तर आत तेच पाहुणे. त्यांनी जुनी चौकशी काढून वाचली होती. सुपरवायझरचं म्हणणं त्यात होतं, कंत्राटदाराचं होतं, माझं अर्धं होतं. तुझं नव्हतंच. "त्या दवाखान्यात होत्या म्हणून कुणी गेलं नाही, आणि नंतर कुणी विचारलं नाही," ते म्हणाले. त्यांना चौकशी पुन्हा उघडायची आहे, घरी येऊन तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. माझ्या मुलाखतीचं विचारलं तर म्हणाले, "तिथे मी नसतो, शब्द देऊ शकत नाही." खरं बोलले. म्हणूनच जास्त भीती वाटली.

तुझ्या वतीने मी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. ते तुझं तू ठरव. नाही म्हणालीस तरी मी तुझीच. पण हे पत्र त्या चौकशीसाठी लिहिलेलं नाही. मागे एकदा फोनवर काकू रडवेल्या होऊन म्हणाल्या होत्या, "ती म्हणते, चूक माझीच होती, मला त्या कामाची लायकीच नाही." या कोर्सला न यायचा निर्णय तू त्या पडण्यात मोडलेल्या पायामुळे घेतलास असं मी धरून चालले होते. त्या तासाला पडद्यावर 'निष्काळजीपणा' हा शब्द वाचला आणि कळलं, की तो तुझ्यापर्यंत माझ्या आधी पोचला आणि तू तो खरा मानलास. मुलाखत उद्या आहे. काय विचारतील माहीत नाही. तरी जाण्याआधी हे टपालात टाकणार आहे, कारण तिथून येताना माझा धीर राहील की नाही सांगता येत नाही. निष्काळजी म्हणे. अगं, त्या अख्ख्या मजल्यावर त्या झाकणाची काळजी केलेली तू एकटीच होतीस.

तुझीच,
पिटुकली