वाटणारा शेवटी बोलतो

आप्पा, पोकरमध्ये पत्ते वाटण्याची पाळी दर डावाला पुढच्याकडे जाते, हे मला परवाच्या रविवारी कळलं. तुमच्या नातवानं सांगितलं. नांदेडला आमच्या घरी तो मित्रांबरोबर खेळत बसला होता. डाव संपल्यावर त्यानं पत्त्यांचा कॅट शेजारच्या पोराकडे सरकवला. मी म्हणाले, "अरे, त्याला का देतोस? वाटणारा तू ना?" तो हसला. "आई, पाळी फिरत असते. न्हाईतर एकच माणूस दरवेळी शेवटी बोलंल की." मी हातातला चहाचा ट्रे टेबलावर असा आदळला की पोरांनी हातातली पानं खाली ठेवली. बिचाऱ्यांना वाटलं, मी त्यांच्यावरच चिडले.

भुसार दुकानाच्या कामानं तुम्ही हैदराबादला जायचात, तिथून हा खेळ शिकून आलात. उन्हाळ्याच्या दुपारी लातूरच्या घरात सतरंजी अंथरायची, चिंचोके वाटून घ्यायचे आणि तुम्ही, काका, आत्या नि मी बसायचं. आईला बोलावलं की ती म्हणायची, "तुमचं ते पोकळ तुम्हीच खेळा, मला भाकरी थापायच्या हायत." वाटायचं मात्र कायम तुम्हीच. घरातल्या मोठ्यानं वाटायचं आणि वाटणाऱ्यानं शेवटी बोलायचं, म्हणजे चिंचोके लावायचे की पानं टाकायची ते सगळ्यांनंतर सांगायचं, हा खेळाचा नियमच आहे असं तुम्ही आम्हाला सांगितलं होतं. आम्ही कशाला शंका घेतोय? काका चिंचोके लावायचा, आत्या लावायची, मी लावायचे, आणि तुम्ही नुसते आमची तोंडं बघत बसायचात. शेवटच्या फेरीला, सगळी पानं आलेली असताना, तुम्ही मूठभर चिंचोके सावकाश पुढं सारलेत की आम्ही एकेक करून पानं टाकून मोकळे. एकदा मी विचारलं, हे जमतं कसं. तुम्ही खूश झालात. "शेवटी बोलायला मिळालं तर दोनच वेळा वाढवायचं. पानं लई भारी असली तर, न्हाईतर हातात काहीच नसलं तर. मधल्या पानांवर गप बघत बसायचं." मी म्हणाले, "काहीच नसल्यावर कामून वाढवायचं?" तुम्ही म्हणालात, "अगं, मधली पानं तवा दुसऱ्याच्या हातात असतात. त्यालाच भ्या वाटतं." आणि सगळ्यांनी पानं टाकली की आपली पानं कुणाला दाखवायची नसतात, हेही सांगितलंत. नातवाला विचारून घेतलं मी, तेवढा नियम खरा आहे.

बारावीनंतर उदगीरला जनावरांच्या डॉक्टरकीला माझा नंबर लागला, तेव्हा त्याच सतरंजीवर सगळे बसले होते. काका म्हणाला, "पोरीच्या जातीला ढोरांचं काम कशाला, बीए करू द्या." आत्या म्हणाली, "उदगीर काय लांब हाय का? जाऊ द्या तिला." तुमच्या आधी कधी न बोलणारी आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "तिला जायचंय. हुशार हाय ती." मीही म्हणाले, "आप्पा, मला जायचंय." तुम्ही सगळ्यांचं ऐकून घेतलंत, घाई कसली ती नाही. मग म्हणालात, "ती उदगीरला गेली तर मी दुकानाला कुलूप लावतो आन् मठात जाऊन बसतो. मग तुम्ही सांभाळा घर." काका जमिनीकडे बघायला लागला. आत्यानं पदर सारखा केला. आई स्वयंपाकघरात वळली, आणि मी उठून आतल्या खोलीत गेले. दुकानाला कुलूप म्हणे! आजीच्या दहाव्याच्या दुपारीसुद्धा ज्यांनी दुकान उघडलं, ते कुलूप लावणार होते. वर्षभरात मला नांदेडला दिलंत.

परवा आई इथंच होती, सोफ्यावर मेथी निवडत. पोरं गेल्यावर मी तिला ती पाळीची गोष्ट रागारागानं सांगितली. तिनं मान वर केली नाही. "उदगीरचं बोलणं झालं त्या दिवशी तुझे आप्पा स्वयंपाकघरात येऊन मला म्हणले व्हते," ती म्हणाली, "पोरगी अजून एकदा म्हणली तर जाऊ देतो."

"आणि तू मला सांगितलं न्हाईस?"

"मला वाटलं, तू म्हणशीलच. मी वाट बघून राहिले व्हते."

म्हणजे हातात काहीच नव्हतं, आप्पा. चिंचोके नव्हते ते, माझं उभं आयुष्य होतं, आणि तुम्ही रिकाम्या हातानं ते ओढून घेतलंत. आईला सांगता आलं, मग मला सांगायला काय झालं होतं? दोन पावलं चालून माझ्यापर्यंत यायचं होतं. पण शेवटी बोललेला माणूस पुन्हा कशाला बोलेल! त्या संध्याकाळी तुम्ही दोन भाकरी नीट जेवलात, मला आठवतंय. आज आमच्या गल्लीत एखादी गाय विताना अडली की डॉक्टर येतो, बाह्या सरसावतो, आणि मी त्यांच्या फाटकाशी उभी राहून बघते. गाईचे मालक आत बोलावतात तरी हलत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी रडले होते. आज ते रडणंसुद्धा परत घ्यावंसं वाटतंय.

हे पाठवायला पत्ता नाही, म्हणून आईला जे सांगितलं नाही ते इथं लिहून टाकते. त्या दिवशी आत गेल्यावर रडू नंतर आलं. आधी मला हलकं वाटलं होतं. परकं गाव, वर्गभर पोरं, गाईच्या पोटात खांद्यापर्यंत घालायचा हात, या सगळ्याची मला आतून फार भीती वाटत होती, आणि तुमच्या एका वाक्यासरशी ती गेली. ती भीती तुम्ही माझ्या तोंडावर वाचली होती. बाप म्हणून पाठीवर हात ठेवून जा म्हणायचं सोडून तुम्ही तिच्यावर डाव जिंकलात, आणि याला माझ्याकडे माफी नाही. पण तुम्ही माझ्या खोलीत येऊन मला पुन्हा विचारलं असतंत, तर मी जाते म्हणाले असते की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.